बँकॉक पहिल्यांदा, टूरशिवाय

बँकॉकच्या उन्नत रेल्वेत दर दोन-तीन मिनिटांनी एक आवाज सांगतो, "सथानी तो पाय". पुढचं स्थानक. थाई भाषेचा गंध नसताना यातलं 'सथानी' म्हणजे आपलं 'स्थान' हे माझ्या आईनं पहिल्याच प्रवासात ओळखलं. मग मुक्काम संपेपर्यंत ती अशा शब्दांच्या मागेच लागली. हॉटेलातल्या मुलीला विचारविचारून तिनं वहीत यादी केली. टेलिफोनला 'थोरसप', म्हणजे दूरशब्द. भेटल्यावर 'सवात्दी', म्हणजे स्वस्ति. स्वच्छतागृहाच्या पाटीवर 'सुखा' आणि बायकांच्या दारावर 'सत्री'. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची, इंग्रजी कामापुरतं, परदेशात पहिल्यांदाच. तिसऱ्या दिवशी ती एकटी खाली जाऊन दही आणि केळी घेऊन आली.

हे आधी सांगते, कारण "तिकडे आपल्याला एकट्यानं जमेल का, आईबाबांना झेपेल का" असं मला सारखं विचारलं जातं. जमतं आणि झेपतं. पॅकेजमध्ये बँकॉकच्या वाट्याला बहुधा दीड दिवस येतो, त्यातलाही बराचसा बसमध्ये आणि दुकानांत जातो. हे शहर बसच्या काचेतून कळत नाही. मुक्काम स्टेशनाजवळ घ्या, दिवस लवकर सुरू करा, भर दुपारी सावलीत राहा. या तीन गोष्टी पाळल्यात तर चार-पाच दिवस निवांत फिरता येतं.

निघण्यापूर्वी

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. व्हिसाचा नियम मात्र कोणाच्या सांगण्यावरून धरून चालू नका. भारतीयांना आधी तिथे उतरल्यावर व्हिसा घ्यावा लागायचा, नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसाशिवाय ३० दिवस राहता येऊ लागलं, जुलै २०२४ पासून ६० दिवस. हे नियम असे वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या किंवा मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण कागदावर छापून जवळ ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेतच संपते.

विमानातला कागदी फॉर्म आधीच गेला होता, १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्र आलं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, प्रत्येक माणसाचं वेगळं, लहान मुलांचंही. ते पूर्ण मोफत आहे. शोधताना वरच्या ओळीत पैसे मागणारी हुबेहूब संकेतस्थळं येतात, त्यांवर जाऊ नका. खऱ्या सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट टीएच' असतं.

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय घरूनच सुरू करा, आपल्याकडच्या नव्या कार्डांवर ती बंदच असते. ओटीपीसाठी आपलं सिम रोमिंगवर चालू हवं, नाहीतर ऐन वेळी बँक आणि तुम्ही दोघंही अडकता. नियमित औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात न्या, विशेषतः झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या. ई-सिगारेटला थायलंडमध्ये बंदी आहे, ती सोबत नकोच.

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलचं ऊन विदर्भातल्या माणसालाही जड जाईल, कारण त्यात कोकणाची दमट हवा मिसळलेली असते. १३ ते १५ एप्रिलला 'सोंगक्रान' हा त्यांचा नववर्षाचा पाण्याचा सण असतो (नाव आपल्या संक्रांतीचंच). तो बघायला मुद्दाम जाणारे जातात, पण पहिल्या भेटीत ज्येष्ठांना घेऊन त्या गर्दीत नको. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस सर्वांत जास्त.

मुक्काम कुठे करायचा

सगळ्यात जास्त विचार यावर करा. हॉटेल स्वस्त म्हणून स्टेशनापासून दोन किलोमीटर आत घेतलंत की रोज दोन वेळा टॅक्सी, आणि संध्याकाळी पाचनंतर त्या टॅक्सीत अडकून बसणं आलं. माझा नियम साधा आहे. हॉटेलच्या दारापासून स्टेशनाचा जिना दहा मिनिटांच्या आत हवा, तेही आईच्या चालीनं.

कुटुंबासाठी मला तीन भाग आवडतात. फया थाई, कारण विमानतळावरून येणारी गाडी तिथे संपते आणि पुढची तिथेच मिळते. सफान ताकसिन, कारण तिथे रेल्वे आणि नदी भेटतात. आणि साम योत, कारण जुनं शहर, चिनी वस्ती आणि फाहुरात ही भारतीय कापडबाजाराची वस्ती, सगळं तिथून पायी. नाना आणि असोक या स्टेशनांच्या आसपास भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, म्हणून आपली माणसं तिकडे जातात. पण त्याच गल्ल्यांत रात्रीचे बारही आहेत. मुलं किंवा वडीलधारी सोबत असतील तर गल्ली नकाशावर नीट पाहून घ्या.

पत्ता वाचण्याची एक खूण. मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला 'सॉय' म्हणतात आणि तिला नंबर असतो. एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम. पण समोरासमोरचे नंबर जुळत नाहीत. सुखुमवित रस्त्यावर २१ नंबरच्या सॉयसमोर साधारण १६ नंबर येतो, आणि पुढे जाल तसं हे अंतर वाढत जातं. "रस्ता ओलांडला की आलंच" असं समजून उन्हात चालत सुटू नका.

उतरल्यावरचे पहिले तीन तास

मुंबईहून विमान चार-साडेचार तासांत पोहोचतं आणि घड्याळ दीड तास पुढे करावं लागतं. रात्रीचं विमान असेल तर तुम्ही पहाटे उतरता आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी दोनला. या मधल्या वेळात राजवाडा बघायला जाऊ नका. सामान हॉटेलात ठेवून लुंफिनी बागेत जा. नाव बुद्धाच्या लुंबिनीवरून आहे. तळ्याकाठी मोठमोठ्या घोरपडी संथपणे फिरत असतात, सकाळी म्हातारी माणसं व्यायाम करत असतात. जागरणानंतर तेवढंच पुरे.

शहरात विमानतळं दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. तिकिटावर कोणतं आहे ते बघा. सुवर्णभूमीच्या तळमजल्याखाली, जिथून रेल्वे सुटते, तिथे पैसे बदलून देणाऱ्या छोट्या खिडक्या ओळीनं आहेत. वर सामानाच्या पट्ट्याजवळच्या बँकांपेक्षा तिथला भाव बराच चांगला असतो. एक बाट साधारण अडीच ते तीन रुपयांचा धरा. परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क कापलं जातं, म्हणून थोडे थोडे काढू नका. आणि एटीएमनं "तुमच्या चलनात हिशेब करू का" असं विचारलं तर नको म्हणा, तो दर नेहमी महाग पडतो.

रेल्वेचं भाडं फया थाईपर्यंत ४५ बाट आणि वेळ अर्धा तास. चौघं असाल आणि सामान जास्त असेल तर टॅक्सी परवडते. पहिल्या मजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठीवर गाडीच्या थांब्याचा नंबर असतो. मीटर ३५ बाटपासून सुरू होतं, वर ५० बाट विमानतळाचा अधिभार आणि वाटेतला टोल आपण द्यायचा. हे तिन्ही रीतसर आहेत, वाद घालू नका. चालक मीटर न टाकता ठोक रक्कम सांगू लागला तर मात्र उतरा आणि दुसरी चिठ्ठी घ्या.

रेल्वे आणि नदी

नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. वरून जाणारी बीटीएस आणि शहराच्या मध्यभागी जमिनीखालून जाणारी एमआरटी या वेगळ्या व्यवस्था आहेत. बीटीएस १९९९ साली सुरू झाली, एमआरटी २००४ साली. दोघींची तिकिटं वेगळी, फाटकं वेगळी, काही ठिकाणी तर स्टेशनांची नावंही वेगळी. बीटीएसचं असोक आणि एमआरटीचं सुखुमवित एकमेकांना जोडलेली आहेत, पण नकाशा न पाहता हे कळत नाही. बाहेर पडून पुन्हा तिकीट काढावं लागतं. एमआरटीच्या फाटकावर आपलं टॅपचं कार्ड थेट चालतं. बीटीएससाठी खिडकीवर पासपोर्ट दाखवून 'रॅबिट' कार्ड घ्या किंवा दर वेळी यंत्रातून तिकीट काढा. एका कार्डावर दोघांनी जाता येत नाही, प्रत्येकाला स्वतंत्र हवं.

डब्यातली हवा इतकी गार असते की आईबाबांसाठी पातळ शाल पिशवीत हवीच. बाहेर पस्तीस अंश आणि आत पंचवीसच्याही खाली, दिवसातून आठ वेळा असं केलं की घसा बसतो. ज्येष्ठांसोबत असाल तर स्टेशनावर लिफ्ट कोणत्या दारापाशी आहे ते फलकावर पाहून घ्या. ती प्रत्येक दाराला नसते, आणि चुकीच्या दारानं बाहेर पडलं की पुन्हा तेवढेच जिने.

आता नदी. थाई भाषेत नदीला 'मॅ नाम' म्हणतात, शब्दशः पाण्याची आई. चाओ फ्राया ही इथली पाण्याची आई, आणि शहर अजूनही तिच्याकडे तोंड करून उभं आहे. बीटीएसनं सफान ताकसिनला उतरून दोन नंबरच्या दारानं खाली आलं की समोर साथोर्न धक्का. तिथे मोठ्यानं हाका मारून पर्यटकांच्या महागड्या होडीची तिकिटं विकतात. त्या होडीत वाईट काही नाही, पण तुम्हाला हवी आहे ती केशरी झेंड्याची होडी. स्थानिक माणसं, शाळकरी मुलं, भिक्खू, सगळे तिनंच जातात. अंतर कितीही असो, भाडं एकच, १६ बाट. तिकीट आत फिरणाऱ्या बाईकडून घ्यायचं, तिच्या हातात नाण्यांचा लांब पत्र्याचा डबा खुळखुळत असतो. होडी धक्क्याला जेमतेम अर्धा मिनिट टेकते, तेव्हा उतरायच्या एक थांबा आधीच दाराकडे सरका. आईचा हात धरून चढताना खलाशी स्वतःहून पुढे येऊन आधार देतो, हे मी प्रत्येक वेळी पाहिलं.

टुकटुक एकदा हौसेनं, भाडं आधी ठरवून. एरवी ॲपवरून गाडी बोलवा, रक्कम आधीच दिसते. केशरी जाकिटातले मोटारसायकलवाले गल्लीच्या तोंडाशी असतात, ते फक्त तरुणांसाठी आणि हेल्मेट घालूनच.

राजवाड्याचा दिवस

हा दिवस नीट आखा, कारण बँकॉकला जाण्याचं निम्मं कारण इथे आहे. राजवाडा साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बाट, आत सोडणं दुपारी साडेतीनला बंद होतं. तुम्ही सव्वाआठला दारात हवे. दहानंतर टूरच्या बसेस रिकाम्या होतात आणि मग चित्रंही दिसत नाहीत, पाठीच दिसतात. होडीनं ता चांग धक्क्यावर उतरा किंवा एमआरटीनं सनाम चाय स्टेशनावर. ते स्टेशनही बघण्याजोगं आहे, राजवाड्याच्या दिवाणखान्यासारखं सजवलेलं.

कपड्यांचा नियम कडक आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचं, फाटकी जीन्स, अर्धी विजार, काही चालत नाही. सुती सलवार-कमीज आणि पुरुषांना सैल पँट, उन्हालाही बरं आणि नियमालाही. जोडे चटकन काढता-घालता येतील असेच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दाराच्या दोन-तीनशे मीटर अलीकडे एक नीटनेटका, नम्र माणूस भेटेल. तो सांगेल, "आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, दुपारी उघडेल. तोवर ही टुकटुक २० बाटमध्ये तीन मंदिरं दाखवेल." राजवाडा सहसा बंद नसतो. ती टुकटुक तुम्हाला रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात नेते आणि तिथून सुटका होईतो तुमची सकाळ गेलेली असते. पहिल्या खेपेला आम्ही असेच गेलो. बाबांनी नको नको म्हणत असताना एक अंगठी घेतली, पुण्याच्या सराफानं तिची किंमत सांगितली तेव्हा ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. म्हणून कळकळीनं सांगते, बंद आहे की उघडं हे फक्त राजवाड्याच्या दारातला गणवेशातला पहारेकरी सांगेल. रस्त्यातल्या कोणाही माणसासाठी पावलं थांबवू नका.

आत पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे, वात फ्रा काएव ('वात' म्हणजे मंदिर). मूर्ती लहानशी, उंचावर, हिरव्या दगडात कोरलेली, आणि ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिची वस्त्रं राजाच्या हस्ते बदलतात. गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही, बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. उंबरठ्यावर पाय देऊ नये हा नियम सांगायला लागला की आपली माणसं हसतात, आजीनं शिकवलेलाच असतो.

पण मराठी माणसानं खरा वेळ द्यावा तो मंदिराभोवतीच्या ओवरीला. तिथल्या भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामायण आहे, त्यांचं 'रामाकियन'. सोनेरी मुकुटातला फ्रा राम, फ्रा लक, आणि हिरव्या चेहऱ्याचा 'थोत्सकान', म्हणजे दशकंठ रावण. गोष्ट ओळखीची वाटते आणि मध्येच वेगळं वळण घेते. इथे सीता ही रावणाचीच मुलगी आहे. हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना समुद्रातले मासे दगड पळवतात, त्यांची राणी सुवर्णमच्छा ही रावणाची मत्स्यकन्या, आणि हनुमान तिच्या प्रेमात पडतो. बाबा या चित्रासमोर बराच वेळ उभे होते. त्यांना आधी पटेना, मग ते म्हणाले, "आपल्याकडेही गावोगावी सीतेच्या वेगळ्या गोष्टी आहेतच की." चित्रं क्रमानं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पाहत गेलात तर ती वाचता येतात. तासभर तरी ठेवा.

राजवाड्यातून निघून दहा मिनिटं चाललं की वात फो. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, पावलांवर शिंपल्यांच्या जडावात मंगल चिन्हं आहेत. इथेच पारंपरिक मालिशची शाळा आहे. सकाळभर चाललेल्या पायांना अर्धा तास तिथे द्या. तोवर साडेबारा वाजतात. जेवा, सावलीत बसा. उन्हं कलली की ता तिएन धक्क्यावरून पैलतीराची छोटी होडी घ्या, भाडं नाममात्र, आणि समोर वात अरुण. सूर्याच्या सारथ्याचं नाव असलेलं हे मंदिर लांबून दगडी वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की अंगभर चिनी मातीच्या बशांचे तुकडे बसवून फुलं केली आहेत. पायऱ्या उभ्या आहेत, ज्येष्ठांनी खालूनच बघावं, खालून काही कमी दिसत नाही.

शाकाहारी माणसाचं जेवण

"घासफूस मिळेल का" ही भीती घेऊन लोक थेपले-चिवड्याच्या दोन बॅगा नेतात. थोडं न्यायला हरकत नाही, पण खरी किल्ली एका अक्षरात आहे. थाई भाषेत 'जे' म्हणजे चिनी-बौद्ध पद्धतीचं शुद्ध शाकाहारी. मांस-मासे, अंडं, दूध, इतकंच नाही तर कांदा-लसूणही नाही. लांबून हे अक्षर इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखं दिसतं, बहुधा पिवळ्यावर लाल रंगात. दुकानावर, गाड्यावर, पाकिटावर ही खूण दिसली की निर्धास्त व्हा. जैन वाचकांनी मात्र लक्षात ठेवावं, गाजर-मुळ्यासारखी कंदमुळं त्यात चालतात.

दुसरा शब्द 'मंगसविरत'. कानावर नीट पडू द्या, हा मांसविरती आहे. यात अंडं, दूध, कांदा सगळं असू शकतं. साध्या शाकाहारी माणसानं "भाजी चालेल" एवढंच सांगितलं तर भाजी येते खरी, पण तिच्यात माशाचा रस आणि शिंपल्यांचं सॉस असतं. त्यांना ते मांस वाटतच नाही, मिठासारखंच घालतात. फसवणूक म्हणून बघू नका, फक्त आधी सांगा. "किन जे", म्हणजे मी 'जे' खाते. "माय साय नाम प्ला", माशाचा रस नको. "माय साय खाय", अंडं नको. आणि "माय फेत", तिखट नको.

इथे एक गंमत आहे. थाई भाषेत 'काय' म्हणजे कोंबडी आणि 'खाय' म्हणजे अंडं. क आणि ख हा फरक इंग्रजी बोलणाऱ्यांना फार जड जातो, आपल्याला जन्मजात येतो. पण ठेल्यावर उभं राहून आपसांत "काय घ्यायचं, काय घ्यायचं" करू नका, बाई खरंच कोंबडीकडे हात नेते.

लाल-हिरव्या करीच्या वाटणात सहसा कोळंबीची पेस्ट असते, पद थाय या परतलेल्या नूडल्समध्ये आणि कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकट असते. जे-दुकानात हेच पदार्थ त्याशिवाय मिळतात. ही दुकानं सकाळी लवकर उघडतात, ट्रेमध्ये भाज्या मांडलेल्या, भातावर दोन भाज्या बोटानं दाखवायच्या, आणि दुपारनंतर बरीच बंद होतात. म्हणून मोठं जेवण दुपारी करा. मार्च ते मे आंब्यासोबत नारळाच्या दुधातला चिकट भात खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. आंबा हापूस नाही, पण ती तुलना करायची नसते.

वर्षातून नऊ दिवस हे शहर निम्मं शाकाहारी होतं. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्रातच, 'जे'चा उत्सव असतो आणि याओवारात या चिनी वस्तीत पिवळे झेंडे लागतात. सिलोम रस्त्यावरच्या मारिअम्मन मंदिरातही नवरात्र होतं आणि दसऱ्याच्या रात्री देवीची मिरवणूक निघते. तारखा जुळत असतील तर सहल तेव्हाच आखा.

घरच्या चवीची आठवण झालीच तर फाहुरातला जा. तिथल्या सोनेरी घुमटाच्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो, डोकं झाकून बसायचं. खाण्याच्या पाकिटावरचं साल पाहून घाबरू नका, तिथे बुद्ध शक चालतो, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. २०२६ म्हणजे तिथे २५६९. नळाचं पाणी पिऊ नका, बाटल्या कोपऱ्यावरच्या सेव्हन इलेव्हनमध्ये स्वस्त मिळतात.

वागण्याचं भान

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांवर, बागांत राष्ट्रगीत लागतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात, तुम्हीही राहा. राजघराण्याबद्दल थट्टा, टीका, समाजमाध्यमांवरची पोस्ट, काहीही नको. कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. नोटेवर राजाचं चित्र असतं, वाऱ्यानं उडालेली नोट पायानं दाबून धरू नका. स्त्रियांनी भिक्खूला स्पर्श करायचा नाही, हातात वस्तूही द्यायची नाही. कोणाच्या डोक्याला, मुलाच्याही, हात लावायचा नाही. आवाज चढवला की समोरचा माणूस हसतो आणि काम तिथेच थांबतं. शांतपणे दुसऱ्यांदा विचारलं की होतं.

तीन गोष्टींत मात्र जराही सूट नाही. गांजाची दुकानं दिसतील. तिथला कायदा २०२२ मध्ये सैल झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा आवळला. भारतात तो आणणं हा मोठा गुन्हा आहे, आणि मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात तो सापडल्याच्या बातम्या सारख्या येतात. दुसरं, ओळखीच्या माणसानं दिलेली बॅगही "फक्त कपडे आहेत" म्हणून आणू नका. तिसरं तरुणांसाठी. "पर्यटक म्हणून बँकॉकला ये, तिथून डेटा एंट्रीच्या नोकरीवर नेतो" असं कोणी सांगत असेल तर जाऊ नका. अशा मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला कोंडून ठेवतात. आपल्या दूतावासानंही यावर इशारे दिले आहेत.

पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, तिथे इंग्रजी बोलतात. रुग्णवाहिका १६६९. भारतीय दूतावास सुखुमवित सॉय २३ मध्ये, असोक स्टेशनापासून चालत. हे तिन्ही कागदावर लिहून आईबाबांच्या पाकिटात ठेवा, हॉटेलचा थाई लिपीतला पत्ताही. चुकामूक झाली तर तो कागद टॅक्सीवाल्याला दाखवला की काम होतं.

शेवटची संध्याकाळ आणि परतीचा दिवस

शेवटच्या संध्याकाळी मॉलमध्ये जाऊ नका. सनाम चायजवळच्या पाक ख्लोंग तलात या फुलबाजारात जा, रात्री उशिरा तो खरा भरतो. झेंडूचे ढीग, कमळाच्या कळ्या आणि मोगऱ्याच्या कळ्यांचे गुंफलेले 'मालय'. माळच ती, फक्त विणकाम इतकं बारीक की आई एका बाईशेजारी स्टूल ओढून बसली. भाषा एकही सामायिक नव्हती. बाईनं सुई दिली, आईनं ओवलं, बाईनं उसवून पुन्हा दाखवलं.

परतीला विमानाच्या तीन तास आधी नाही, साडेतीन तास आधी पोहोचा. ज्यादा अर्धा तास सुवर्णभूमीतच हवा आहे. इमिग्रेशन ओलांडून आत गेलं की दुकानांच्या मध्ये समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. वासुकीला धरलेले एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दानव, तळाशी कासव, वर विष्णू. बहुतेक लोक दारूच्या बाटल्या शोधत त्याच्या समोरून निघून जातात. आईबाबांना घेऊन त्याला पूर्ण फेरी मारा. मागच्या बाजूनं शेपटीकडचे चेहरे जवळून दिसतात, आणि तिथे गर्दीही नसते.